गानयोगी पंचाक्षरी गवई



गेल्या श्रावणात प्रवचनाच्या निमित्ताने नेरडीगोंड्यास जाणे झाले. आपल्यापैकी पुष्कळांना हे गाव ठाऊक असेल. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना हैदराबादच्या हमरस्त्यावर ते लागते. कुंटाल्याचा धबधबा तेथून जवळच आहे. त्या मुलखात तेलुगु, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात.

प्रसाद झाल्यावर एक माउली आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जवळ आली. मुलगा जन्मांध. भजन चालू असताना त्याची बोटे मांडीवर तबल्याच्या ठेक्याबरोबर बिनचूक चालत होती, हे मी आधीच पाहिले होते. माउली सांगू लागली. शाळेत आठवड्यातून एकदा गाण्याचा तास असतो. मास्तर फळ्यावर गाणे लिहितात, मुले वहीत उतरवून घेतात आणि मग हातवारे करीत म्हणतात. त्या तासाला याला दाराजवळ बसवतात आणि नुसते ऐकायला सांगतात. मास्तर वाईट नाहीत, मुलाला मायेने वागवतात, पण अशा मुलाला गाणे कसे शिकवावे हे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही. माउलीला एवढेच विचारायचे होते, की याला गाणे शिकवता येईल काय, की मोठेपणी देवळाच्या पायरीशी बसून हात पसरण्यापुरतेच हे गाणे याच्या कामी येणार?

त्या वेळी मी जे उत्तर दिले ते घाईचे होते. खरे उत्तर एका पुण्यपुरुषाच्या चरित्रात आहे आणि ते चरित्र आपण सर्वांनी पुन्हा एकदा आठवावे, म्हणून हा लेख.

वाचकहो, पूर्वीच्या धारवाड जिल्ह्यात आणि आजच्या हावेरी जिल्ह्यात हानगल तालुका आहे. त्या तालुक्यातील काडशेट्टीहळ्ळी या खेड्यात २ फेब्रुवारी १८९२ रोजी गुरुपादय्या आणि नीलम्मा या दांपत्याच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव गदिगय्या. तो जन्मापासून अंध होता. त्याचा भाऊ गुरुबसय्या, तोही अंध. एका घरात दोन मुले, आणि दोघांनाही दृष्टी नाही. त्या काळच्या खेड्यात अशा घराकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना आपणच करावी. पूर्वजन्मीचे पाप म्हणून बोट दाखवणारे आजही आपल्यात आहेत, मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट काय सांगावी!

परंतु या दोन्ही भावांचा गळा गोड होता आणि कान तीक्ष्ण होते. एकदा ऐकलेले पद ते तसेच्या तसे म्हणत. हानगलचे पूज्य कुमारस्वामी यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचली. १८६७ साली जन्मलेले आणि १९३० साली लिंगैक्य झालेले हे स्वामी म्हणजे समाजाला शाळेची आणि वसतिगृहाची वाट दाखवणारे थोर विभूती. १९०९ साली बदामीजवळ मलप्रभेच्या काठी त्यांनी शिवयोगमंदिर स्थापन केले. त्यांनी या दोन्ही मुलांना आपल्या छायेखाली घेतले.

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. स्वामींना त्या मुलांना दोन वेळचे अन्न देऊन एका कोपऱ्यात बसवता आले असते आणि लोकांनी त्यालाही पुण्यच म्हटले असते. अन्न देणारे मठ आपल्याकडे पुष्कळ आहेत. स्वामींनी अन्न दिलेच, पण त्याबरोबर गुरू शोधून दिला. गुरू शोधणे हे अन्न देण्याहून अवघड काम आहे. त्यासाठी समोरचे मूल कधीतरी आपल्या पायांवर उभे राहील असा भरवसा धरावा लागतो.

गुरुबसय्या तरुणपणीच लिंगैक्य झाले. ज्याच्या आवाजाला आवाज मिळवून लहानपण काढले, तोच गेला. गदिगय्या एकटे उरले, तरी शिक्षण चालू राहिले. म्हैसूरकडे त्यांनी कर्नाटक पद्धतीचे गायन आत्मसात केले. त्यानंतर हिंदुस्थानी पद्धतीसाठी त्यांना गुरू लाभले ते मिरजेचे नीलकंठबुवा आलूरमठ. याच नीलकंठबुवांकडे पुढे पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांनीही तालीम घेतली. म्हणजे मन्सूरांची वचनगायने ऐकून आपण जेव्हा डोळे मिटतो, तेव्हा गवयांच्या गुरुबंधूचेच गाणे ऐकत असतो. कर्नाटक आणि हिंदुस्थानी या दोन्ही पद्धतींवर सारखाच अधिकार असलेले गायक मोजकेच झाले, त्यांत गदिगय्यांची गणना होते. पंचाक्षरी गवई हे नाव त्यांना मिळाले आणि तेच कायम राहिले.

मिरजेचा विषय निघाला म्हणून एक आडवळणाची गोष्ट सांगतो. तेथून जवळच असलेल्या कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या एका मुलाचे डोळे लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका उडून अधू झाले. पुस्तक वाचता येईना म्हणून त्याला मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला घातले. तेच पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी राजवाड्यातले गाणे शाळेच्या वर्गात आणले. आज आपल्या शाळांत गाण्याचा तास म्हणून जे काही आहे, त्याच्या मुळाशी डोळे अधू झालेला हा माणूस आहे. आणि त्याच तासाला अंध मुलाला दाराशी बसावे लागते. याला काय म्हणावे, ते मला सुचत नाही.

आता मूळ चरित्राकडे वळू. १९१४ साली पंचाक्षरी गवयांनी आपली गानशाळा सुरू केली. तिला पक्की इमारत नव्हती. ती फिरती शाळा होती. गुरू, शिष्य, वाद्ये आणि बिऱ्हाड असा सगळा मेळा गावोगाव जाई. जेथे मुक्काम पडे तेथे शिकवणी चाले. भक्त जे देतील त्यावर चूल पेटे. शिष्यांत अंध मुले होती, अनाथ होती, गरिबांची डोळस मुलेही होती. जात आणि धर्म विचारून कुणाला परत पाठवले जात नसे. शिकवणीची फी नव्हती आणि जेवणाचे दाम नव्हते. बसवादी शरणांनी ज्याला दासोह म्हटले, तो येथे अन्नाचाही होता आणि विद्येचाही होता.

या शाळेचे वैशिष्ट्य वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. आपल्या शाळा डोळस मुलांसाठी बांधल्या जातात आणि नंतर एखादे अंध मूल आले तर त्याला कोठे बसवावे असा प्रश्न पडतो. गवयांच्या शाळेत गुरूच अंध होता. त्यामुळे शिकवण्याची पद्धत मुळापासूनच कानाची आणि हाताची होती, आणि डोळस मूल आले तर त्याचे त्या पद्धतीने काहीच अडत नव्हते. उलट त्याचा कान अधिक तयार होई. याचा पुरावाही आहे. पंडित बसवराज राजगुरू डोळस होते आणि ते या अंध गुरूच्या हाताखाली घडले. १९३६ साली हंपी येथे विजयनगर साम्राज्याच्या स्थापनेला सहाशे वर्षे झाल्याचा सोहळा झाला. त्यात राजगुरूंनी आपली पहिली मोठी मैफल गाजवली आणि त्या वेळी त्यांच्या साथीला तबल्यावर स्वतः पंचाक्षरी गवई बसले होते. गुरूने शिष्याला पुढे बसवून आपण साथीला बसावे, असे दृश्य फार दुर्मिळ.

कानाची आणि हाताची पद्धत म्हणजे काय, असे आपण विचाराल. मी गवई नाही, पण अंध मुलांना गाणे शिकवणाऱ्यांच्या सहवासात जे पाहिले ते सांगतो. पेटी घ्या. एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटाने बसवलेल्या असतात आणि पांढऱ्यांहून उंच असतात. अंध मुलाचे बोट त्या दोनाच्या गटावर ठेवले की त्याला आपण कोठे आहोत ते समजते. तेथून प्रत्येक पट्टी मोजता येते. डोळ्यांची गरज नाही. तंबोऱ्याच्या चार तारा. खुंटी पिळणे, मणी सरकवणे आणि जवारीचा दोरा जागेवर आणणे ही कामे डोळस माणूसही शेवटी कानानेच करतो. तबल्याचे बोल तर आधी तोंडानेच पाठ करायचे असतात. मग गुरूने शिष्याच्या मागे बसून त्याच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि चाटीवर बोट कोठे पडते, शाईवर कोठे पडते, ते त्या स्पर्शाने दाखवायचे.

अडचण येते ती लहान गोष्टींत. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी असते आणि नवव्या मात्रेला खाली असते. वर्गात खाली दाखवताना मास्तर हात नुसता हवेत फिरवतात. टाळी ऐकू येते, पण खाली ऐकू येत नाही! अंध मुलाच्या दृष्टीने तेथे काही घडलेच नाही. त्याच वेळी मास्तरांनी हाताची पालथी बाजू मांडीवर हलके आपटली तर तेवढ्यानेच काम होते. तसेच स्वरलिपीचे. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तार स्वराच्या डोक्यावर बिंदू आणि मंद्र स्वराच्या पायाशी बिंदू असतो. फळ्यावर रेघ मारली की डोळस मुलांना समजले. त्या वेळी मास्तरांनी तोंडाने कोमल गंधार एवढे दोन शब्द उच्चारले तर दाराशी बसलेला मुलगाही वर्गात आला. यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही की पैसा लागत नाही.

आणि लिपीच हवी असेल तर तीही आहे. फ्रान्समधील लुई ब्रेल हा तरुण स्वतः अंध होता आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. १८२९ साली त्याने ठिपक्यांच्या लिपीचे पहिले पुस्तक काढले. त्यात अक्षरांबरोबर संगीत लिहिण्याची रीतही होती. म्हणजे ती लिपी जन्मली तेव्हापासूनच गाण्याची आहे. आपल्या देशात १९५१ पासून भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल आहे आणि मराठी व तेलुगु या दोन्ही भाषा तिच्यात लिहिता येतात.

गवयांचे जीवन मात्र सुखाचे गेले नाही. १९३० साली कुमारस्वामी लिंगैक्य झाल्यावर मोठा आधार तुटला. फिरती शाळा पोसणे म्हणजे रोज नव्या गावात नवी चूल मांडणे. गायनाचे कार्यक्रम, कीर्तने, पुराणे आणि पुढे नाटक मंडळी, या सर्वांतून जे मिळे ते मुलांच्या मुखी जाई. मिळकत मोठी आणि खर्च त्याहून मोठा, असा तो प्रपंच होता. एवढ्या कीर्तीच्या गवयाला एखाद्या संस्थानाचा आश्रय मिळणे अवघड नव्हते. एकट्याचे पोट सुखाने भरले असते. त्यांनी तसे केले नाही, कारण त्यांच्या पोटाबरोबर पन्नास पोटे होती आणि त्या मुलांना उद्या कुणापुढे हात पसरावा लागू नये ही त्यांची तळमळ होती.

नुलिय चंदय्या दोर वळीत, अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत आणि हरळय्या चामड्याचे काम करीत. कल्याणच्या त्या मेळ्यात रिकाम्या हाताने बसणारा कुणी नव्हता. अंधाला मात्र आपण कायकातून वगळले आणि त्याच्या हाती कटोरा दिला. पंचाक्षरी गवयांनी तो कटोरा काढून घेऊन तेथे तंबोरा दिला. त्यांच्या शाळेतून निघालेल्यांपैकी कुणी मैफलीचे गवई झाले, कुणी कीर्तनकार झाले, तर कुणी शाळेत संगीतशिक्षक झाले. सगळेच राजगुरू होत नाहीत. व्हायची गरजही नाही. गावच्या शाळेत पेटी वाजवून महिन्याचा पगार घरी नेणारा अंध मास्तर, हे त्या शाळेचे मला सर्वांत मोठे फळ वाटते.

अखेरच्या काळात गदग येथे भक्तांनी जागा दिली आणि फिरती शाळा स्थिर झाली. तेच वीरेश्वर पुण्याश्रम. स्थैर्याचे सुख गुरूंना फार काळ लाभले नाही. ११ जून १९४४ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते लिंगैक्य झाले.

अशा वेळी बहुधा संस्था मोडतात. ही मोडली नाही, कारण गुरूंनी वारस तयार केला होता. पुट्टराज गवई, जन्म ३ मार्च १९१४, हेही हानगल तालुक्यातलेच आणि तेही तान्हेपणीच दृष्टी गमावलेले. त्यांनी पुढची सहासष्ट वर्षे आश्रम चालवला. सारंगी, व्हायोलिन, पेटी, तबला अशी कितीतरी वाद्ये ते वाजवीत. ब्रेल शिकून त्यांनी कन्नड, संस्कृत आणि हिंदी या तीन भाषांत ग्रंथरचना केली. हिंदीतील बसवपुराण त्यांचेच. भक्त त्यांची नाण्यांनी तुला करीत आणि तो पैसा आश्रमाच्या मुलांसाठी जाई. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ते लिंगैक्य झाले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात ज्यांना आपण ऐकले असेल ते पंडित व्यंकटेशकुमार डोळस आहेत आणि याच आश्रमात बारा वर्षे पुट्टराजांच्या पायाशी बसून शिकले.

तेलंगणातील आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. १९९५ साली पंचाक्षरी गवयांच्या जीवनावर कन्नड चित्रपट निघाला. त्यातील गाण्यासाठी तेलुगु घराघरांत ज्यांचा आवाज पोहोचला आहे त्या एस. पी. बालसुब्रह्मण्यम् यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि संगीतकार हंसलेखा यांनाही.

आता एक शंका मनात येते, ती आपल्यापासून लपवीत नाही. गदगसारख्या आश्रमात जायचे तर मुलाने आईचे घर, गाव आणि भाषा सोडून दूर राहावे लागते. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज आहे. २०१६ सालच्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य केलेली आहे. अशा मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत शिकता यावे असे त्यात सांगितले आहेच, पण त्याच्या २९व्या कलमात कला आणि संस्कृती या विषयांचे अभ्यासक्रमही या मुलांना भाग घेता येईल अशा रीतीने नव्याने आखावेत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे त्या माउलीच्या मुलाला दाराशी बसवणे ही आता केवळ अडाणीपणाची बाब नाही. कायद्याने त्याची जागा वर्गाच्या आत ठरवलेली आहे. मला वाटते, मुलाने गदगला जाण्यापेक्षा गदगची पद्धत मुलाच्या शाळेत यावी. ज्याला गाण्यातच आयुष्य काढायचे असेल त्याने पुढे जरूर आश्रम गाठावा.

अंध मुलांचेच मी सांगत आलो, कारण चरित्र त्यांचे आहे. पण ज्याला ऐकू येत नाही त्याचे काय? त्याला तर गाण्याच्या तासाला सरळ घरी पाठवतात. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या बाई लहानपणीच जवळजवळ बहिऱ्या झाल्या आणि तरीही जगभर तालवाद्ये वाजवतात. जमिनीतून आणि वाद्यातून येणारे कंपन अंगाला लागावे म्हणून त्या अनवाणी उभ्या राहून वाजवतात. आपल्या ढोलकीच्या खोडाला किंवा तंबोऱ्याच्या भोपळ्याला मुलाचा तळहात लावून पाहा. ठेका हाताला समजतो. ज्याची बोटे पेटीवर चालत नाहीत त्याला तंबोऱ्याच्या तारा एका बोटाने छेडता येतात. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी संगीताची खोली माडीवरून खाली आणावी, यात संगीताचा तर प्रश्नच नाही. ज्या मुलाला गलका सोसत नाही त्याला चाळीस मुलांच्या कोरसात ढकलू नये. त्याला एकट्या तंबोऱ्याजवळ बसू द्यावे.

हे सर्व मी त्या माउलीला त्या दिवशी सांगू शकलो नाही. मागच्या महिन्यात त्या बाजूचे एक भक्त आले होते. त्यांच्या हाती एक जुनी पेटी पाठवली आहे. भाता थोडा सैल आहे, पण स्वर शाबूत आहेत. मुलाचे उजवे बोट दोन काळ्या पट्ट्यांच्या गटावर ठेवून तेथून मोजायला शिकवा, एवढे सांगून पाठवले. खाली दाखवताना हात मांडीवर आपटावा, ही गोष्ट मास्तरांना सांगण्याचे त्या भक्तांनी स्वतःहून कबूल केले आहे.